गावी जाताय? आधी कोयंडा बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिंहगड रस्त्यावरच्या तुमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एकाच रात्री दोन बंद फ्लॅट फोडले. आता गणपतीला तुम्हाला आठ दिवस कणकवलीला जायचंय. कुलूप कुठलं घ्यावं, सीसीटीव्ही बसवावा का, आणि घर राखायला सासूबाई एकट्या मागे राहायचं म्हणतात ते योग्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी 31 वर्षं पोलीस खात्यात काढली. त्यातली 14 वर्षं वेगवेगळ्या ठाण्यांच्या तपास पथकात, ज्याला आम्ही 'डीबी' म्हणायचो. तिथला सगळ्यात जास्त वेळ गेला तो घरफोड्यांमागे. सासूबाईंचं शेवटी सांगतो. आधी कुलूप.

घरफोडीच्या फिर्यादीतलं एक वाक्य मी इतक्या वेळा लिहून घेतलंय की आजही ते कानात घुमतं. 'अज्ञात चोरट्याने बंद घराच्या दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.' नीट वाचा, कडी-कोयंडा उचकटून. घटनास्थळी गेलं की बहुतेक वेळा दिसायचं ते असं: कोयंडा चौकटीतून स्क्रूसकट उपटलेला आणि त्यात अडकवलेलं भारी कुलूप जसंच्या तसं, साधा ओरखडाही नाही. घरमालक ते कुलूप हातात घेऊन सांगायचे, "साहेब, 7 लिव्हरचं होतं हो." कुलूप खरंच चांगलं असायचं. पण ते टांगलेलं असायचं अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर, आणि ते स्क्रू बसवलेले असायचे भुशाच्या दाबीव फळीत. कटावणीचा एक हिसका त्याला पुरतो. चोर कुलपाशी झटत बसत नाही. तो सगळ्यात कच्चा सांधा शोधतो.

म्हणून कुलपाच्या दुकानात जाण्याआधी सुताराला बोलवा. कोयंडा स्क्रूवर ठेवू नका. आरपार बोल्ट टाकून आतल्या बाजूने नट आवळून घ्या, म्हणजे बाहेरून तो खोलताही येत नाही आणि सहजी उपटतही नाही. चौकटीतल्या ज्या पट्टीत कडी किंवा लॅच अडकतं, तिचे स्क्रू काढून तिथे तीन इंची स्क्रू घाला, ते लाकूड ओलांडून भिंतीत जायला हवेत. बिजागऱ्यांनाही तेच. मग दार बंद करून कुलपाच्या बाजूची फट बघा. बोट शिरेल एवढी फट असेल तर कटावणी आरामात शिरते. त्या फटीवर वरपासून खालपर्यंत लोखंडी पट्टी मारून घ्या. नवी इमारत असेल तर चौकट हलवून बघा. होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, नीट न घालता केवळ फोम भरून बसवलेल्या चौकटी मी पाहिल्या आहेत. तिथे दार कितीही जड असलं तरी खांद्याच्या दोन धक्क्यांत चौकटच सुटते. हे सगळं काम सुताराचं अर्ध्या दिवसाचं आहे आणि चांगल्या कुलपाच्या किमतीहून फार जास्त नाही.

लॅचबद्दल एक गैरसमज फार आहे. दार नुसतं ओढून घेतलं, 'खट' झालं, म्हणजे कुलूप लागलं असं नाही. त्या वेळी फक्त तिरकी जीभ अडकलेली असते, आणि ती स्प्रिंगवर मागे सरकते. बाहेरून किल्ली फिरवून आतला चौकोनी दांडा पूर्ण बाहेर काढायचा, दोन वेळा फिरत असेल तर दोन्ही वेळा. दुपारच्या घरफोड्यांत 'मी फक्त शाळेतून मुलीला आणायला गेले होते, पंधरा मिनिटं' हे वाक्य मी बऱ्याच आयांच्या तोंडून ऐकलंय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

जमलं तर बाहेर लटकणारं कुलूप बंदच करा. दारात आतच बसणारं कुलूप, ज्याला दुकानदार मॉर्टिस म्हणतात, ते घ्या. त्याचा फायदा मजबुतीइतकाच दुसराही आहे. जिन्यातून जाणाऱ्याला घरात माणूस आहे की नाही ते कळत नाही. लटकतं कुलूप म्हणजे 'आम्ही घरी नाही' अशी दारावर लावलेली पाटी. सराईत माणूस सोसायटीत शिरून चौथ्या मजल्यापर्यंत नुसता चालत जातो आणि परत येतो, तेवढ्यात त्याची मोजणी झालेली असते.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. तुमच्या दाराला बाहेरून जुनी कडी आहे का? असेल तर ती आजच काढून टाका, आणि सोसायटीतल्या सगळ्यांना काढायला सांगा. एखादा बंद फ्लॅट फोडायच्या आधी ही माणसं त्याच मजल्यावरच्या बाकीच्या घरांच्या कड्या बाहेरून सरकवून ठेवतात. आवाज ऐकून शेजारी उठला तरी त्याला स्वतःच्याच घरातून बाहेर पडता येत नाही. तुमच्याकडे त्या रात्री असं झालं होतं का, ते विचारून बघा. झालं असेल तर ती जुन्या हाताची टोळी आहे, आणि ही गोष्ट तपास अधिकाऱ्याला मुद्दाम सांगा. गुन्ह्याची पद्धत हाच आमच्याकडे चोराचा खरा पत्ता असतो. ठसे नसले तरी पद्धत सापडते.

आता घर बंद दिसण्याबद्दल, कारण माझ्या मते निम्मी घरफोडी इथेच ठरते. तपासात पकडलेल्या माणसांशी मी तासन् तास बोललोय. "हेच घर का निवडलंस?" हा माझा ठरलेला प्रश्न. उत्तरं साधी असायची. दाराच्या कडीत खोचलेली जाहिरातीची पत्रकं दोन दिवस तशीच. दुधाच्या पिशव्या लटकलेल्या. गॅलरीतले कपडे पावसात भिजले तरी कुणी आत घेतले नाहीत. दिवसाढवळ्या व्हरांड्यातला दिवा जळतोय. एकाने सांगितलेलं मात्र मी कधी विसरलो नाही. तो म्हणाला, "साहेब, मी रांगोळी बघतो. सगळ्या मजल्यावर सणाची ताजी रांगोळी आणि एकाच दारापुढे कालची पुसटलेली, म्हणजे घर मोकळं." सणासुदीला तर हा फरक जास्तच उठून दिसतो. दिवाळीत सगळ्या गॅलऱ्यांत आकाशकंदील लागलेले आणि एकच अंधारी.

म्हणून तुमच्या समोरच्या घरातल्या वहिनींना सांगा की आठ दिवस आमच्या दारापुढेही चार ठिपक्यांची रांगोळी काढा. दारातली पत्रकं उचला, दूध आणि पेपर बंद करायला सांगा, जुन्या चपलांचा एक जोड बाहेर राहू द्या. संध्याकाळी आपोआप लागणारा आणि सकाळी बंद होणारा टायमरचा प्लग कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो हॉलच्या दिव्याला लावा. गावच्या गणपतीचे फोटो परत आल्यावर टाका. आरती चालू असतानाच मुलगा स्टेटस ठेवतो आणि ते तीनशे जण बघतात, त्यातल्या किती जणांना आपण ओळखतो?

किल्ली कुंडीखाली, चपलांच्या कपाटात, वीजमीटरच्या पेटीत ठेवू नका. 'आमची जागा कुणाला माहीत नाही' असं प्रत्येकाला वाटतं आणि प्रत्येकाची जागा याच तिघांपैकी एक असते.

गावाकडच्या घरांसाठी जाता जाता दोन गोष्टी. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उकाड्यामुळे सगळं घर माळवदावर किंवा गच्चीवर झोपायला जातं आणि खाली घर नुसतं कडी लावलेलं असतं. एप्रिल-मेच्या रात्री अशा फिर्यादी हमखास येतात. आणि तुमच्या कोकणातली जी घरं फक्त गणपती नि शिमग्याला उघडतात, तिथल्या पितळेच्या समया, तांब्याचे हंडे, घंगाळं कधी गेली हेच कळत नाही. फिर्यादीत 'दिनांक अमुक ते अमुक दरम्यान' असे सहा महिने लिहावे लागतात आणि एवढ्या काळाचा माग काढणं फार कठीण होतं. कणकवलीला गेलात की त्या भांड्यांचे फोटो काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा दार उघडून बघेल असा एखादा भावकीतला माणूस नेमा.

खिडक्यांचं थोडक्यात. ग्रिलचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर त्यांची डोकी वेल्डिंग करून घ्या. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून निघतात, तिथे आतून गज हवेत. सरकत्या खिडकीच्या रुळात मापाची लाकडी काठी आडवी टाका.

सीसीटीव्ही बसवा. पण तो चोराला अडवेल या भरवशावर नाही. त्याचा खरा उपयोग आम्हाला, नंतर. आणि तोसुद्धा नीट बसवला तर. बहुतेक सोसायट्यांत कॅमेरा एवढ्या उंचावर असतो की दिसतात ती फक्त टोप्या आणि डोकी. एक तरी कॅमेरा गेटपाशी माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर हवा, दुसरा येणाऱ्या गाडीचा नंबर दिसेल असा. ज्या पेटीत चित्रण साठतं ती डीव्हीआर वॉचमनच्या टेबलावर ठेवू नका. जाताना ती उचलून नेल्याची प्रकरणं मी स्वतः पाहिली आहेत. ती कुलूपबंद जागी असावी. महिन्यातून एकदा सेक्रेटरींनी आदल्या आठवड्यातलं कुठल्याही रात्री दोनचं चित्रण उघडून बघावं, आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ मोबाइलशी जुळतंय का तेही. एका गुन्ह्यात घड्याळ 47 मिनिटं मागे होतं. आम्ही दोन दिवस चुकीच्या रिक्षामागे धावलो. आणि हे चित्रण न्यायालयात चालायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याची त्यावर सही लागते, आणि तज्ज्ञाचीही. सोसायटीचे पदाधिकारी 'कोर्टकचेरी नको' म्हणून सही टाळतात. असं करू नका. त्या एका सहीवाचून आरोपीविरुद्धचा चांगला पुरावा लंगडा पडतो.

घरात वायफायचा कॅमेरा लावणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, निघताना मेन स्विच बंद करून जाण्याची आपल्याकडे सवय आहे. मग राउटर बंद, कॅमेराही बंद.

आता घराच्या आत. चोर आत शिरला की सरळ बेडरूममध्ये लोखंडी कपाटाकडे जातो. कपाटाची किल्ली कपाटावर, गादीखाली किंवा साड्यांच्या घडीत असते हे त्याला पाठ आहे. मग देवघर, मग स्वयंपाकघरातले डबे. तांदळाच्या डब्यात पुरलेलं मंगळसूत्र मुळीच सुरक्षित नसतं, मी सगळे डबे जमिनीवर पालथे घातलेली स्वयंपाकघरं बघितली आहेत. आठ दिवस जाताय, तर सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तिथलंही एक समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडं 3,000 असेल तर 3 लाख. तरीही घरच्या कपाटापेक्षा लॉकर केव्हाही बरा.

घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून दोन अटी वाचा. घर सलग किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं ही एक. आणि 'बळाचा वापर करून प्रवेश' ही दुसरी. इथे माणसं फसतात, कारण कायद्यातली घरफोडी आणि विम्यातली घरफोडी एक नाही. कायद्यात दार न मोडता केलेला प्रवेशसुद्धा घरफोडी ठरू शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेतच उदाहरण होतं की हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून कुणी आत शिरला, तर तीही घरफोडीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 मध्ये हीच व्याख्या पुढे आली आहे. चोरीसाठी दिवसा घरफोडी केली तर 10 वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केली तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा कलम 331 मध्ये आहे. विमा कंपनी मात्र पॉलिसीचे शब्द बघते. 2004 साली युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पॉलिसीत बळ किंवा हिंसा वापरून प्रवेशाची अट असेल, तर तसा प्रवेश झालेला असला पाहिजे, नुसती चोरी पुरेशी नाही. म्हणजे कुंडीखालच्या किल्लीने चोर आत गेला तर आमच्याकडे गुन्हा दाखल होईल, पण दावा नाकारला जाऊ शकतो.

आणि देव न करो, परत आल्यावर दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका. माणूस अजून आत असू शकतो. खाली या, 112 ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. हे सांगताना मला एक घर आठवतं. आम्ही ठसेतज्ज्ञ घेऊन पोहोचेपर्यंत घरातल्या बायकांनी पसरलेल्या साड्या घड्या घालून कपाटात ठेवल्या होत्या, फरशी पुसली होती, आणि आम्हाला चहा केला होता. त्यांना पसारा लोकांनी बघू नये असं वाटत होतं. त्या मनःस्थितीत ते समजू शकतं. पण कपाटाच्या आरशावरचा ठसा पदराने पुसला गेला होता.

फिर्यादीत दागिन्यांचं वजन आणि वर्णन लिहून घ्या, रुपयांवर अडून बसू नका. 'एक हार' असं नको. 'सव्वादोन तोळ्यांची मोहनमाळ, दोन पदरी, कडीजवळ टाका दिलेला' असं हवं. यासाठी आजच एक काम करा. प्रत्येक दागिना काळ्या कापडावर ठेवून फोटो काढा, पावत्यांचे फोटो काढा, आणि 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेला दागिना असेल तर त्यावरचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक लिहून ठेवा. तो प्रत्येक दागिन्याला वेगळा असतो. धक्क्यात एखादी वस्तू सांगायची राहिली तर नंतर पुरवणी जबाब देता येतो. पण नसलेली वस्तू लिहू नका. पुढे आरोपी सापडून ऐवज जुळवताना तीच एक खोटी बांगडी सगळ्या फिर्यादीवर संशय आणते.

माल मिळतो का? मिळतो, पण पहिल्या काही दिवसांत. नंतर सोनं वितळून त्याची लगड होते आणि आजीच्या पाटल्या ओळखायला काही उरत नाही. मिळालेला मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठाण्यातच पडून राहायला हवा असं नाही. 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन असा ऐवज मालकाला लवकर परत करावा असं स्पष्ट केलं. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. ठाण्यातला मुद्देमाल कारकून सांगेल कसा ते.

आता एक गोष्ट, जी मला सांगायलाच हवी. घरफोडी झाली की पहिलं बोट कामवालीकडे जातं. एका ठिकाणी घरच्यांनी तिचं नाव घेतलं, आम्ही तिला तीन दिवस चौकशीला बोलावलं. ती रोज येऊन बाकावर बसायची. एक महिन्याने दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या माणसाने त्या घराची कबुली दिली, त्या बाईशी त्याचा काही संबंध नव्हता. तोवर तिची त्या इमारतीतली चारही घरची कामं सुटली होती आणि ती राहायचं ठिकाण सोडून गेली होती. मी तिला शोधून सांगायला गेलो तेव्हा तिने दार पूर्ण उघडलं नाही. एखाद्या जातीजमातीकडे बोट दाखवणाऱ्यांनाही मला हेच सांगायचंय. 1871 च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण 'हे त्यांचंच काम' हे वाक्य मी 2010 नंतरही पंचांच्या तोंडून ऐकलंय. संशय असेल तर तपास अधिकाऱ्याला एकांतात, कारणासह सांगा. जिन्यात, चारचौघांत, सोसायटीच्या ग्रुपवर नाव घेऊ नका. कामवाल्यांची, वॉचमनची, ड्रायव्हरची पोलीस पडताळणी जरूर करा, पण कामावर ठेवतानाच करा आणि सगळ्यांची करा.

सासूबाईंना मागे ठेवू नका. त्यांचं मन मी समजतो, ते घर त्यांनी उभं केलंय. पण घर बंद समजून शिरलेल्या माणसासमोर अचानक एकटी म्हातारी उभी राहिली की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस काय करेल ते सांगता येत नाही. चोरीची जबरी चोरी होते ती अशीच. सोनं लॉकरला गेलं की मागे उरतं ते टीव्ही आणि भांडी, त्यासाठी 74 वर्षांच्या माणसाला पहाऱ्याला बसवायचं नाही. त्यांना सांगा, ठाण्यात घर बंद असल्याची नोंद केली आहे, बीटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, अंमलदाराचा नंबर घेतला आहे, समोरच्या वहिनी रांगोळी काढणार आहेत. आणि त्यांना गणपतीला घेऊन जा.